शेतकऱ्यांची दोन पाकिटं

ही गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्यातली. एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयातून ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "दादा, संगणकात शेतकऱ्यांची पाकिटं दोन-दोन झालीत. नाव एकच, आत सामान वेगळं. कर्मचाऱ्यांचंही तसंच झालंय, वारकऱ्यांचंही. दुष्काळाचं मात्र एकच आहे, पाण्याचंही एकच."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज जोडलं होतं. पण सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच होती, हे मला दोन दिवसांनी कळलं.

या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा मोठा संग्रह आहे. आधीच्या ग्रंथपालांनी आयुष्यभर रोज संध्याकाळी बसून तालुक्याशी संबंध असलेली बातमी कापली, खाकी पाकिटात घातली आणि पाकिटावर शाईने विषय लिहिला: 'शेतकऱ्यांचे मोर्चे', 'पाटबंधारे', 'वारकऱ्यांच्या दिंड्या', 'दु:खद निधन'. कागद पिवळा पडून कडांनी झडायला लागला, तेव्हा स्कॅन करायचं ठरलं. प्रत्येक पाकिटाला एक फोल्डर, प्रत्येक कात्रणाला एक फाइल, आणि नावं मराठीत. हा ताईंचा आग्रह होता आणि तो मला पहिल्या दिवसापासून पटलेला होता. ज्यांच्यासाठी हे काम चाललं होतं, ते वाचक 'शेतकऱ्यांचे मोर्चे' असंच शोधणार होते, रोमन लिपीतल्या मोडक्या स्पेलिंगने नाही.

कामाला तीन माणसं. एक अनुभवी ऑपरेटर काका, ज्यांनी छापखान्यात वर्षानुवर्षं मराठी मजकूर जुळवला होता. ते विंडोजवर इनस्क्रिप्ट कीबोर्डने, म्हणजे प्रत्येक कळेवर थेट देवनागरी अक्षर असलेल्या मांडणीने, टाइप करायचे. दुसरी कॉलेजात शिकणारी मुलगी. ती फोनेटिक पद्धतीने, म्हणजे रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवणाऱ्या साधनाने काम करायची. तिसरा पुण्यातला एक तरुण. तो दर महिन्याला येऊन सगळ्या फाइली आपल्या मॅकच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन जायचा, वाकडी स्कॅन सरळ करायचा, काळे कोपरे कापायचा आणि फाइली परत आणून टाकायचा. मधे सगळ्यांची सामाईक साठवण होती, नेटवर्कवर लावलेली एक पेटी. तिच्या आत लिनक्स चालत होतं. पुण्याचा मुलगा पेटीशी देवाणघेवाण आरसिंक या कार्यक्रमाने करायचा.

मी पोचलो तेव्हा एक नुकसान होऊन गेलेलं होतं. दोन सारखी फोल्डरं पाहून काकांना वाटलं की चुकून दुहेरी कॉपी झाली, आणि त्यांनी प्रत्येक जोडीतलं एक उडवायला सुरुवात केली. तीन जोड्यांनंतर ताईंनी त्यांना थांबवलं. त्या तीन फोल्डरांत सरळ केलेली स्कॅन होती आणि महिन्याभरात टाकलेली नवी कात्रणंही होती. काकांचं यात काहीच चुकलं नव्हतं. पडद्यावर दोन्ही नावं अक्षर न् अक्षर सारखी दिसत होती. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

मी पेटीत शिरून नावांचे बाइट, म्हणजे संगणक प्रत्यक्ष साठवतो ते आकडे, काढले. फोल्डरची नावं डोळ्यांनी सारखी दिसत असली तरी साठवलेली आकड्यांची रांग वेगळी असू शकते. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातला नुसता 'ऱ्' एवढा तुकडा तीन प्रकारे लिहिलेला सापडला (इथली दोन-दोन चिन्हांची प्रत्येक जोडी म्हणजे एक बाइट):

ई० ए४ बी१, ई० ए५ ८डी

ई० ए४ बी०, ई० ए४ बीसी, ई० ए५ ८डी

ई० ए४ बी०, ई० ए५ ८डी, ई२ ८० ८डी

पहिली ओळ काकांची. इनस्क्रिप्टवर 'जे' दाबला की र येतो आणि शिफ्टसकट दाबला की ऱ. काकांनी ऱ आणि हलंत टाइप केला होता. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात, या ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. तिसरी ओळ मुलीची. तिच्या साधनाने साधा र, हलंत आणि त्यापुढे शून्य रुंदीची जोडखूण घातली होती. ही खूण दिसत नाही. तिचं काम एवढंच, की र चा रफार होऊ द्यायचा नाही. दोन्ही पद्धतींनी तेच रूप उमटतं: पुढच्या अक्षराच्या डाव्या अंगाला कोयत्यासारखा वळलेला अर्धा र. आणि दोन्ही पद्धती युनिकोडच्या नियमात बसतात, पहिली मूळची आणि दुसरी जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली.

मधली ओळ मात्र कुणीच टाइप केलेली नव्हती. साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. ती मॅकच्या डिस्कवरून आली होती.

इथे थोडं मागे जावं लागेल. युनिकोडची देवनागरी त्याआधीच्या इस्की या भारतीय संकेतावरून घेतली गेली, आणि युनिकोडमध्ये ऱ हा 'र ला नुक्ता' अशा नात्याने बसला. युनिकोडच्या तक्त्यात ०९३१ समोरची टीप सांगते की हे अक्षर द्राविडी भाषांतला र लिहिण्यासाठी आहे, आणि त्याच्या अर्ध्या रूपातून आपला कोयत्यासारखा र मिळतो. म्हणजे मराठीत रोज लागणारं एक चिन्ह दुसऱ्याच कामासाठी आणलेल्या अक्षराच्या पोटातून येतं. त्यामुळे नियमाने ०९३१ आणि 'र + नुक्ता' ही एकाच अक्षराची दोन समान रूपं ठरतात, एक जोडलेलं आणि एक सोडवलेलं. मराठीतल्या इतर कुठल्याही नेहमीच्या अक्षराच्या वाट्याला हे आलेलं नाही. क, ळ, ज्ञ, श्र यांना असं दुसरं सोडवलेलं रूप नाही.

आता तीन यंत्रं याकडे कशी बघतात ते पाहू. लिनक्सच्या लेखी फाइलचं नाव म्हणजे नुसती बाइटची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं, आणि बाइट वेगळे तर फाइल वेगळी. विंडोजची डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत, एनटीएफएस, नाव सोळा-बिटी युनिकोडमध्ये ठेवते, पण तीही रूपं एक करत नाही. जे टाइप केलं ते जसंच्या तसं. मॅकवर १९९८ पासून चालत आलेली एचएफएस प्लस ही पद्धत मात्र मुळातच वेगळा विचार करून बनवलेली होती. एकाच नावाची दोन रूपं शेजारी राहूच नयेत म्हणून ती प्रत्येक नाव साठवण्याआधी सोडवून ठेवायची. विचार चांगला होता. दिसायला सारखं ते सारखंच मानावं, हे वापरणाऱ्याच्या बाजूचंच धोरण आहे. फक्त ते एकाच यंत्रापुरतं टिकतं. काकांचा ऱ त्या डिस्कवर गेला की र आणि नुक्ता होऊन बसायचा, आणि आरसिंकने परत पेटीत आला की लिनक्सला तो नवाच शब्द वाटायचा. शेजारी नवं फोल्डर उभं राहायचं.

म्हणून दुष्काळाचं पाकीट एकच राहिलं. 'दुष्काळ' मध्ये ऱ नाही. 'पाणी', 'पाटबंधारे', 'साखर कारखाना' यांत नाही. आपल्याकडे हा अर्धा र येतो तो मुख्यतः '-री' ने संपणाऱ्या नामांची रूपं चालवताना: शेतकऱ्यांचे, कर्मचाऱ्यांचा, वारकऱ्यांच्या, पुढाऱ्यांची. शिवाय वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या. म्हणजे ज्या पाकिटांत माणसं होती, नेमकी तीच फुटली होती. हे लक्षात आलं तेव्हा मी काही वेळ तसाच बसून राहिलो. या संग्रहात राबणाऱ्या माणसांच्या बातम्या जपायच्या म्हणून एका माणसाने आयुष्य घातलं, आणि शोध घेतला की त्याच तेवढ्या अर्ध्या सापडणार होत्या.

कारण फोल्डरं दुहेरी होण्यापेक्षा वाईट गोष्ट शोधात घडत होती. ताईंच्या संगणकावर काकांच्या पद्धतीने 'शेतकऱ्यांचे' टाइप केलं की फक्त काकांनी नाव दिलेल्या फाइली यायच्या. मुलीच्या फाइली जणू नव्हत्याच. आणि यात मॅकचा काही संबंध नव्हता. एकाच खोलीत, एकाच टेबलावर, दोन माणसं दोन कीबोर्डांनी एकच शब्द लिहीत होती.

आचारी आणि आचार्य

पेटीतल्या आणि मॅकच्या डिस्कवरच्या फाइली मोजल्या, तेव्हा 'सत्कार समारंभ' या फोल्डरात एक कमी भरली. पेटीत ४१, डिस्कवर ४०. नावांच्या दोन याद्या छापून ताई आणि मी एकेक ओळ पेनाने खुणावत गेलो. गायब झालेली फाइल होती 'आचार्‍यांचा सत्कार'. डिस्कवर त्या जागी 'आचार्यांचा सत्कार' होती.

एका गावच्या सप्ताहात पंगतींचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना गावाने शाल-नारळ दिला, ती एक बातमी. विद्यालयातल्या एका आचार्यांच्या निवृत्तीची दुसरी. शाळेत व्याकरणाचे गुरुजी रफार आणि अर्धा र यांतला फरक समजवायला हेच दोन शब्द फळ्यावर लिहायचे. मुलीने पहिला शब्द तिच्या साधनातून, म्हणजे जोडखुणेने टाइप केला होता. आणि एचएफएस प्लस नावांची तुलना करताना जोडखुणेसारखी न दिसणारी चिन्हं जमेस धरत नाही. ती खूण वगळली की आचारी आणि आचार्य एक होतात. आरसिंकने एक फाइल लिहिली, दुसरी तिच्यावरच लिहिली, आणि कुठलीही सूचना आली नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत होतं.

न दिसणारी चिन्हं वगळण्याचा हा नियम जगाला दुसऱ्याच कारणाने माहीत झाला होता. डिसेंबर २०१४ मध्ये गिट या प्रोग्रामरांच्या साधनात एक सुरक्षेचं भगदाड सापडलं. गिटच्या खास फोल्डरच्या नावात अशी न दिसणारी खूण घुसवली की गिटला ते वेगळं नाव वाटे, पण मॅकची डिस्क ते खास फोल्डरच समजे, आणि बाहेरून आलेला कोड आत शिरू शके. ते तातडीने बुजवलं गेलं. त्या चर्चेत या खुणा म्हणजे उपद्रवी, निरर्थक चिन्हं असाच सूर होता. इंग्रजी नावांपुरतं ते खरंही आहे. मराठीत मात्र त्याच खुणेवर आचारी आणि आचार्य, दऱ्या आणि दर्या वेगळे राहतात. तिला निरर्थक म्हणणं मला मान्य नाही.

आणखी काय काय सापडलं

एकदा नावं बाइटपर्यंत उकलून बघायला लागल्यावर बाकीचंही वर आलं. 'दु:खद निधन' या पाकिटाचं फोल्डर 'दुखद निधन' का झालं, हे काकांनी सांगितलं. छापखान्यातल्या सवयीने ते विसर्गाच्या जागी कोलन मारायचे. विंडोजमध्ये फाइलच्या नावात कोलन चालत नाही. संगणकाने नकार दिला, तेव्हा त्यांनी विसर्गच गाळला. खरा विसर्ग हे वेगळं अक्षर आहे आणि ते नावात बिनदिक्कत चालतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दाखवल्यावर त्यांनी लगेच नाव दुरुस्त केलं.

'ॲड.' ची तीन रूपं निघाली. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीची सवय असलेले लोक अ वर चंद्र काढतात, आणि काही साधनं त्या दोघांच्या मधे पुन्हा ती जोडखूण घालतात. इथली गोम अशी, की ऱ ची दोन रूपं नियमाने समान आहेत, पण ॲ आणि 'अ + चंद्र' समान मानलेले नाहीत. त्यामुळे नुसते युनिकोडचे नियम पाळणारं साधन ती आपोआप एक करत नाही. ते हातानेच करावं लागतं.

झिपची गोष्ट त्या मानाने सोपी. पुण्याच्या मुलाने एकदा काही फाइली झिप करून पाठवल्या होत्या, आणि ताईंच्या संगणकावर त्या उघडल्यावर नावांच्या जागी ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला एन यांची रांगच्या रांग आली. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे क्रमांक बाइटमध्ये मांडण्याच्या पद्धतीत, तीन बाइटचं असतं आणि त्याची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ ने होते. जुन्या डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यात ई० म्हणजे अल्फा आणि ए४, ए५ म्हणजे लाटेचा लहान-मोठा एन. नावं यूटीएफ-८ मध्ये आहेत हे सांगणारी खूण झिपच्या नियमांत २००६ पासून आहे. त्या झिपमध्ये ती लागलेली नव्हती, म्हणून उघडणाऱ्याने जुना तक्ता धरला. पुन्हा अल्फा-लाट दिसली तर फाइल बिघडलेली नाही, फक्त नाव चुकीच्या चष्म्यातून वाचलं जातंय, एवढं ताईंना समजलं आणि त्यांची धास्ती गेली.

लांबीचं कोडं मात्र मला फार आवडलं, म्हणून ते सविस्तर सांगतो. पेटीवरचा एक भाग सांकेतिक कुलपात ठेवलेला होता, ईक्रिप्टएफएस पद्धतीने. साध्या लिनक्सवर नावाला २५५ बाइट मिळतात. या कुलपात नावही सांकेतिक करावं लागतं, म्हणून १४३ च उरतात. आता हे नाव घ्या: 'शेतकऱ्यांच्या_कर्जमाफीसाठी_तहसील_कचेरीवर_मोर्चा'. पुढे साल, मागे टिफ या चित्रफाइलीचं शेपूट, '.tif'. देवनागरीचे सुटे घटक ४३, म्हणजे १२९ बाइट. चार अधोरेषा, शेपटाचे चार. झाले १३७. सालाचे चार आकडे रोमन लिहिले तर अधोरेषेसकट आणखी पाच, एकूण १४२. फाइल बसते, एक बाइट हातात ठेवून. तेच साल देवनागरी आकड्यांत लिहिलं तर १५०, आणि नकार येतो. साल रोमनच ठेवलं, पण ऱ काकांचा न येता मॅकवरून सुटून आला, किंवा मुलीच्या जोडखुणेने आला, तर तीन बाइट वाढतात. १४५. पुन्हा नकार. पडद्यावर तेच नाव, तेच साल. एका वेळी जातं आणि एका वेळी जात नाही. मुलगी म्हणाली होती, "सर, ही पेटी काकांचं ऐकते, माझं ऐकत नाही." ते शब्दशः खरं होतं.

दुरुस्ती कशी केली

सगळ्यात आधी पेटीची जशी होती तशी एक प्रत काढून बाजूला ठेवली. मग रूप ठरवलं: काकांचं, ०९३१ आणि हलंत. कारणं तीन. ते सर्वांत कमी बाइटचं आहे, युनिकोडचं जोडलेलं रूप तेच आहे, आणि त्यात न दिसणारं काही नाही. सुटलेली नावं कॉन्व्हएमव्ही नावाच्या साधनाने जोडून घेतली. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं आणि वेगळं सांगितल्याशिवाय हात लावत नाही, म्हणून यादी वाचूनच पुढे जाता आलं. जोडखुणेच्या नावांना ते काही करू शकत नव्हतं. त्यासाठी मी छोटा कार्यक्रम लिहिला: र, हलंत, जोडखूण असा क्रम दिसला आणि पुढे य किंवा ह असेल, तरच बदलायचं. बाकी ठिकाणी जोडखूण तशीच राहू द्यायची, कारण एखाद्याने अक्षरं मुद्दाम सुटी दाखवलेली असू शकतात. जिथे बदलल्यावर दोन नावं एक होणार होती, तिथे यंत्राने थांबायचं आणि ताईंनी दोन्ही कात्रणं बघून ठरवायचं.

एका जाणकारांनी सुचवलं की नावं काढूनच टाका, नुसते क्रमांक द्या, सगळ्या कटकटी जातील. क्रमांकाची कल्पना मी घेतली, नावं काढायची नाही घेतली. आता प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला रोमन आकड्यांतला अनुक्रमांक असतो, त्यामुळे पुढचं मराठी नाव कुठल्याही यंत्राने कसंही उलगडलं तरी दोन फाइली एकमेकींवर पडत नाहीत. आणि नाव मराठीच राहिलं. कपाटासमोर उभं राहून जे वाचता येतं, ते संगणकासमोरही वाचता आलं पाहिजे.

पुण्याच्या मुलाच्या आरसिंकला नावांची रूपं जाता-येता बदलण्याचा पर्याय २००८ पासून आहे, तो लावून दिला. सप्टेंबर २०१७ मध्ये मॅकवर एचएफएस प्लसच्या जागी एपीएफएस आली. ती नाव दिलं तसं ठेवते, फक्त ओळखताना दोन्ही रूपं एकच मानते. तरी बाहेरच्या जुन्या डिस्का वर्षानुवर्षं चालतात, म्हणून पर्याय काढलेला नाही.

रोज रात्री एक तपासणी चालते. दिवसभरात आलेल्या नावांत सुटलेला ऱ, अनपेक्षित जोडखूण किंवा अ वरचा चंद्र दिसला की सकाळी ताईंना यादी मिळते. मुलीने इनस्क्रिप्ट शिकून घेतलं. काकांनी तिला कागदावर कळांचा तक्ता काढून दिला, आणि त्यात शिफ्ट-जे ला लाल पेनाने गोल केला.

उडवलेल्या तीन फोल्डरांतली कात्रणं पाकिटातून काढून पुन्हा स्कॅन करावी लागली. ताई, काका आणि मुलगी, तिघांनी मिळून आठवडा घालवला. आचाऱ्यांच्या सत्काराची फाइल पेटीतून मॅकच्या डिस्कवर नव्या नावाने गेली. त्या कात्रणात चुलीपुढे ओळीने उभे असलेल्या सहा जणांचा फोटो आहे, खांद्यावर शाल, हातात नारळ. फोटोखाली सहाही नावं छापलेली आहेत. त्यातलं एक आडनाव 'कुऱ्हाडे' आहे, आणि ते आता एकदाच टाइप करून सापडतं. ॲड. ची नावं अजून पुरती एक झालेली नाहीत. वकिलांची पाकिटं जाडजूड आहेत आणि ती ताई दर शनिवारी थोडी थोडी उरकतात.